सगुणाआत्याची अट

सगुणाआत्या कुणाचाही तोंड फिरवून दिलेला शब्द घेत नसे. बांगड्यावाला पेटी डोक्यावर घेता घेता "पुढच्या बाजारी हिरव्या आणतो" म्हणाला, की ती त्याची वाट अडवून उभी राहायची. "माह्याकडं पाहून बोल." तो हसायचा, पेटी पुन्हा खाली ठेवायचा आणि तिच्या डोळ्यांत पाहून तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. मगच आत्या बाजूला व्हायची. मी दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा ती दारात उभी होती. "पास होशील ना वो पोरी?" मी मान खाली घालून हो म्हटलं. "जमिनीकडं कायले पाहून राहिली? जमीन बसनार हाये का परीक्षेले?"

ती माझी सख्खी आत्या नव्हती. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात तिचं घर आमच्या दारासमोर होतं. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी-कापणी करायची, उन्हाळ्यात मोह वेचायची, सिंदीच्या पानांचे झाडू बांधायची. माझे बाबा राइस मिलमध्ये पोती उचलत. आमच्या घरात शाळेच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी गोंदियाला कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा आईला सगळ्याचीच भीती वाटत होती. आत्या म्हणाली, "जाऊ दे. परत नाई आली तं मी जातो आनाले."

एकदा ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली आणि आत्या निवडून आली. बाकीच्या सदस्य बायांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे बसत. सचिवांनी आत्याला विचारलं, तुमच्याकडून कोण येणार? ती म्हणाली, "माहा नवरा वर गेला जी. तो काई मीटिंगले येत नाई. मलेच या लागन." ही गोष्ट गावात लोक बरीच वर्षं सांगत होते. हसत सांगत, पण तिच्यासमोर नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर शहराच्या आसपासच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नाला आहे. त्याच्या दोन्ही काठांनी तेव्हा कहूची, म्हणजे अर्जुनाची, पांढऱ्या खोडांची मोठी झाडं होती. जांभळी, करंज, उंबर होते आणि खाली सिंदीची झुडपं. बाया तिथे सावलीत कपडे धूत. लग्न निघालं की मांडवासाठी जांभळीचे डहाळे तिथूनच येत. मांडवावर जांभळीचा पाला पडल्याशिवाय आमच्याकडे लग्नाचं घर वाटत नाही. नाल्यालगतच्या बांध्या शहरातल्या एका शेठने घेतल्या. त्याला तिथे लेआउट पाडून घरांचे प्लॉट विकायचे होते. नाला सरळ करायचा होता आणि त्यावरून रस्ता न्यायचा होता. त्यासाठी त्याला ग्रामसभेचा होकार हवा होता.

ती ग्रामसभा शाळेच्या पडवीत झाली. मी पोरींमध्ये भिंतीला टेकून बसले होते. शेठ पांढऱ्या कपड्यांत आला, सगळ्यांना हात जोडले. झाडं कापावी लागतील म्हणाला. लोक कुजबुजले, पण रस्ता होणार होता, काम मिळणार होतं, म्हणून कुणी उठेना. आत्या उठली.

"झाडं कापाल. मंग?"

"अरे बाई, पेड़ ही तो हैं. लगवा देंगे. पहले से अच्छे."

"आमाले चांगले नाई पायजे. आमचेच पायजे. कहू, जांभूळ, करंज, उंबर. दोनी काठानं. आनं लावून पळाचं नाई, जगवून द्याचं."

"चलो, वही लगवा देंगे."

"भिंतीकडं नोका पाहू शेठ. माह्याकडं पाहून बोला."

पडवीत हशा पिकला. शेठही हसला. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि आत्याच्या डोळ्यांत पाहून मोडक्या मराठीत म्हणाला, "लावून देऊ, जगवून देऊ." आत्याने मागे वळून लोकांकडे पाहिलं. "आयकलं ना सर्‍यायनं?" आणि तिने हात वर केला. तिचा हात वर गेला म्हणून आमच्या मोहल्ल्याचे हात वर गेले, मग बाकीच्यांचे. ठरावात ती अट लिहिली गेली, आणि पुढे सरकारी परवानगी आली तेव्हा तिच्यातही तशीच अट होती. नाल्याच्या काठची पट्टी मोकळी सोडायची, तिथे इथलीच झाडं लावायची आणि ती मोठी होईपर्यंत सांभाळायची. आत्याला वाचता येत नव्हतं, पण तिला त्याची गरज वाटली नाही. "एवढ्या लोकांत डोळ्यात पाहून बोलला," ती म्हणायची, "आता कसा पलटन?"

झाडं त्याच हिवाळ्यात गेली. मशीन आली, कहूची खोडं ट्रकवर चढली. उन्हाळ्यात नाल्याचा तळ भाजलेल्या मडक्यासारखा दिसू लागला. पावसाळा आला तेव्हा लेआउटच्या कमानीशी शोभेची ताडासारखी झाडं लागली, आतल्या रस्त्यांना गुलमोहर लागला. नाल्याकाठी काही नाही. तिथे बेशरमाची झुडपं आपोआप माजली.

आत्या साइटवर जायची. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. "मावशी, शेठ बाहेरगावी गेलेत." "मावशी, रोपं नर्सरीतून निघालीत." एकदा त्याने कमानीकडे बोट दाखवलं, म्हणाला, झाडं तर लावलीत की. आत्या म्हणाली, "ते झाडं कमानीची वरात हायेत. नाल्याचे कोठी हायेत?"

गावातलं बोलणं तिला जास्त लागत असावं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मांडवावर टेंट हाउसचं गुलाबी कापड आलं. डहाळे आणायला नाल्यावर जायचं कारण उरलं नव्हतं. उन्हात कापडाखाली माणसं नुसती उकडत होती. जेवणाच्या पंगतीत माझी काकू मोठ्याने म्हणाली, "आत्या, तुह्या शेठले सांग ना डहाळे पाठवाले. तुह्या डोळ्यात पाहते ना तो." सगळे हसले. आत्या भात कालवत राहिली. जेवून उठताना तिने काकूला एवढंच म्हटलं, "तुह्या नातीच्या मांडवाले येतील डहाळे. माह्याकडं पाह्य, मी सांगून राहिली." तिने दुसऱ्याच्या वतीने शब्द दिलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

शेवटी परवानगी देणारे साहेब पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा शेठच्या कंपनीने घाईघाईने बेशरम उपटलं आणि रोपं आणली. इथलीच होती, कहू, जांभूळ, करंज. लावायला आमच्याच मोहल्ल्यातल्या बाया रोजाने गेल्या, आत्याही गेली. पाहणी झाली, साहेब गेले, आणि पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. आत्या मात्र जात राहिली. संध्याकाळी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन ती काठाने चालायची आणि प्रत्येक रोपाशी वाकायची. आई म्हणायची, "ते कंपनीचं काम होय, तू कायले मरून राहिली?" आत्या म्हणाली, "कंपनीले कोनी इचारत नाई वो. मले इचारतेत."

काही रोपं मेली, बरीच जगली. मी कॉलेजात गेले त्या वर्षी जांभळी माझ्या खांद्याला आल्या होत्या. सायकलवरून येताना नाल्याच्या पुलावर थांबले की हिरवी रांग दिसायची. मला वाटायचं, होईल हे.

नाल्याच्या वळणावर एका शेतकऱ्याच्या बांधावर मोहाची झाडं होती. ती विकल्या न गेलेल्या जमिनीत होती, म्हणून वाचली. आत्या ती वर्षानुवर्षं वेचायची, अर्धी फुलं मालकाची, अर्धी तिची. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाला असेल तर ती पाल्यात हरवतात, म्हणून फूल लागायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. आमच्याकडे घरोघर हेच करतात. आग पसरू नये म्हणून आत्या शेताकडच्या बाजूंचा पाला आधी झाडून घ्यायची. नाल्याकडची बाजू ती कधी झाडत नसे. तिची सासूही झाडत नसे. तिकडे कहूच्या सावलीत माती ओलसर असायची, गवत भर उन्हाळ्यातही हिरवं. आग काठापर्यंत सरकायची आणि तिथे आपणहून विझायची. कहू गेल्यावरही आधी उघड्या मातीने, मग हिरव्या बेशरमाने ती अडली होती; बेशरम उपटल्यावर मात्र तिथे हळूहळू गवत माजलं होतं.

त्या वर्षीही तिने शेताकडचा पाला झाडला आणि काडी लावली. कहू गेले हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? रोज संध्याकाळी ती त्याच उघड्या काठाने चालत होती. पण हात वर्षानुवर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं.

मी कॉलेजातून येत होते. पुलावरून धूर दिसला. सायकल टाकून खाली पळाले तेव्हा आग काठाच्या वाळल्या गवतातून रोपांच्या रांगेत शिरली होती. आत्या पोतं घेऊन आपटत होती. पोतं कोरडं होतं, नाल्यात पाणी नव्हतं. आमच्याकडे अशी आग हिरव्या डहाळीने झोडपून विझवतात. आम्ही दोघीही तोडायला डहाळी शोधत होतो, आणि आजूबाजूला त्या जळणाऱ्या रोपांशिवाय हिरवं काहीच नव्हतं. माणसं धावून आली तोवर रांग संपली होती. आत्या काळ्या जमिनीवर बसली. तिच्या लुगड्याचा काठ जळाला होता. मी तिला उठवायला हात दिला, तिने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. मोहाखाली तलाठी, मॅनेजर आणि गाव जमलं. सरपंचबाईंचा नवरा आत्याच्या कानाशी लागून म्हणाला, "कोनी बिडी टाकली असन, म्हनून दे. तू चूप राय." त्याचा सल्ला खरंच भल्यासाठी होता. तलाठ्याने विचारलं, आग कुणी लावली?

"मी लावली," आत्या म्हणाली. "मोहाखालचा पाला जाळाले. दरसालसारखी."

मॅनेजर मोबाइलवर फोटो काढत होता. त्याचा हात थांबला. आत्या त्याच्याकडे वळली. "पन तुमी कहू कापले नसते, तं आग काठावरच इझली असती. हेबी लिहून घ्या." तलाठ्याने मान हलवली. त्याने ते लिहिलं असं मला दिसलं नाही.

त्यानंतर कंपनीचं म्हणणं साधं होतं. आम्ही झाडं लावली, गावाने जाळली. नवी रोपं आली नाहीत. गावातही तेच वाक्य फिरत राहिलं, थोडं वेगळं होऊन. आत्यानं झाडं मागितली, आत्यानंच जाळली. पोरं ते म्हणत तिच्या दारावरून पळायची. पुढे लेआउटच्या बाजूने काँक्रीटची भिंत आली. पावसाळ्यात नाल्याचं पाणी त्या भिंतीला धडकून आमच्या मोहल्ल्याकडे वळू लागलं. दुसऱ्याच पावसात आत्याच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत बसली. तिने तिथे ताडपत्री बांधली आणि तशीच राहिली. मोह वेचणं तिने सोडलं. बांगड्यावाला आला तर ती दारातूनच मान हलवायची. कुणी काही कबूल केलं, "येतो", "देतो", "पाहतो" म्हटलं, तरी ती आता काही बोलत नसे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती आजारी पडली. अंगावर सूज आली होती. एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले असताना ती म्हणाली, "तू शिकून राहिली. त्या अटीचं काय झालं, येकदा इचारजो."

मी हो म्हटलं. माझ्याकडे पाहून बोल, असं ती म्हणेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली नाही. म्हणून मीच तिच्याकडे पाहून पुन्हा हो म्हटलं.

परवानगी जिथून मिळाली होती त्या कार्यालयात मी गेले. अशा ठिकाणी मी एकटी कधी गेले नव्हते. बराच वेळ दारात उभी राहिले, मग एका टेबलावरच्या माणसाला गावाचं नाव सांगितलं, अट सांगितली. ते कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाले, "पूर्तता झालेली आहे."

मी म्हटलं, तिथे एकही झाड नाही.

"झाडं लावली होती. अटीची पूर्तता झालेली आहे." त्यांची नजर पडद्यावरच होती.

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. "सर, माझ्याकडे पाहून सांगा."

शेजारच्या टेबलावरचे लोक थांबले. त्या माणसाने मान वर केली. चेहरा रागीट नव्हता. चांगल्या घरातल्या वडिलांसारखे दिसत होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि सावकाश, शांतपणे म्हणाले, "अटीची पूर्तता झालेली आहे."

घरी आले तेव्हा आत्या जागी होती. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. "काय म्हनला?" तिने विचारलं. खोटं बोलण्याचा विचार माझ्या मनात आला होता, पुलावर सायकल थांबवून मी तो करूनही पाहिला होता. पण तिच्यासमोर बसल्यावर ते जमलं नाही. मी जे झालं ते सांगितलं.

"पाहून बोलला?"

"हो आत्या."

"डोळ्यात?"

"हो."

तिने तोंड भिंतीकडे, जिथे अजून भिंत होती तिकडे, वळवलं.

"मंग आता कोनाले काय म्हनाचं," ती म्हणाली.

त्याच पावसाळ्यात आत्या गेली. नाल्याला पूर होता. स्मशानघाटाची वाट पाण्याखाली होती, म्हणून आम्ही तिला लेआउटच्या कमानीखालून नेलं, त्या शोभेच्या झाडांच्या मधून. वॉचमनने फाटक उघडलं आणि बाजूला होऊन जमिनीकडे पाहत उभा राहिला.