जीपनं घुसळलेलं दूध

माझ्या अकलेचे तारे ऐकायचेच असतील तर आधी चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

दुष्काळाचं साल होतं. शिरूर कासारकडची आमची वाडी. निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, उरलेल्यांची जनावरं नदीपलीकडच्या चारा छावणीत. तिथलं दूध तालुक्याच्या शीतकेंद्रात पोचवायचं, हे आमच्या दूध सोसायटीच्या जीपचं काम. आणि जीपचा ड्रायव्हर, मेकॅनिक, सर्वज्ञ, सगळं मीच!

नदीत पाणी नव्हतं, पण धोंडे होते. जीपचं पोट रोज घासायचं. मग मी काय केलं? स्प्रिंगच्या पाट्यांना टांगून धरणारे लांब शॅकल लावले आणि जीप वीतभर उचलली! सोसायटीचे चेअरमन तात्या तिच्याभोवती फेरी मारून म्हणाले, "काय रुबाब हाय रं! आता चढाया शिडी लागती का काय?"

खरं सांगतो, तिच्याकडं बघून मलाच धन्य वाटत होतं.

पण डांबरी लागली, वेग धरला आणि जीपला हुडहुडी भरली! आरसा थरथरतोय, दार थरथरतंय, माझी दाढ थरथरतीय. चाकं बदलून पाहिली, नट आवळले. छे!

मग डोक्यात प्रकाश पडला. गाडी उंच झाली की इंजिनाच्या जोरावर मागची चाकं फिरवणारा शाफ्ट तिरका होतो. त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळत नाहीत, म्हणून ही थरथर. उपाय सोपा. पाटे आणि मागच्या चाकांचा ॲक्सल यांच्यामधे लोखंडी पाचर घालायची, ॲक्सल जरासा कलतो, कोन जुळतात. कुऱ्हाडीला पाचर ठोकणाऱ्या माणसाला हे काय अवघड?

ठोकली. दुसऱ्या दिवशी थरथर दुप्पट!

"बसंल हळूहळू," मी तात्यांना म्हणालो. काय हा आत्मविश्वास!

केंद्रावर कॅन उघडला आणि तपासणीचे साहेब बघतच राहिले. वर पिवळे गोळे तरंगत होते. खालच्या दुधात फॅट औषधालाही नाही.

"दूध आणलंय का ताक?" साहेब कडाडले. "उद्या असंच आलं तर तुमच्या छावणीचं दूध घेणं बंद!"

बंद? छावणीतल्या बायांच्या चुली त्या दुधावर पेटत होत्या हो! 

कॅन घेऊन परत आलो. छावणीत ही गर्दी! कासाआत्या आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे विस्फारले.

"आगं बया! लोनी हाय की! रवी न्हाई, दोरी न्हाई, अन् लोनी!"

बाया जीपच्या पाया पडायला लागल्या. एकीनं बोनेटला कुंकू लावलं. तात्यांनी टोपी काढली.

"कसं केलं रे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"जरा तंत्र असतंय त्यात," मी म्हणालो. आतून लाजेनं मेलो होतो.

दुपारी लिंबाखाली जीप लावली आणि तिच्या पोटाखाली शिरलो. बघतो तर काय, पाचर उलटी! जिकडं ॲक्सल कलवायचा, त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला मी तो ढकलला होता. पाचर काढली, फिरवली, बसवली आणि जीप डांबरीवर नेली.

काय सांगू! एवढं मोठं धूड, पण बोटभर लोखंडानं असं गप्प झालं की इंजिन बंद पडलं समजून मी ब्रेक दाबून खाली उतरलो.  कितीतरी वेळ मी रस्त्यात उभा राहून तिच्याकडं नुसता बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दूध पास! साहेब चक्क हसले. मी छाती काढून छावणीत परतलो, तर बाया भांडी घेऊन रांगेत उभ्या. सगळ्यात मोठं पातेलं आमच्या हिचं! तिनं रिकाम्या कॅनमध्ये डोकावून पाहिलं.

"आन् लोनी?"

"आता नाही येणार. जीप दुरुस्त केली मी."

तिनं पातेलं खाली ठेवलं, कपाळाला हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "लग्नाला इतकी वर्सं झाली. तुमच्या हातनं पयल्यांदा कायतरी कामाचं झालतं, तेबी तुमी दुरुस्त करून टाकलं?"