एक वाजताचा आकडा
तिसगावच्या बाजारात सुकटीच्या पाट्यांजवळून गेलो की नगरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते, कारण तिथल्या द्रावणाला असाच मासळीचा वास यायचा. मी तिथे सहायक होतो. पीएच.डी. करणारी एक मुलगी दोन काचांच्या फटीत ते द्रावण भरून हॉटप्लेटवर ठेवायची आणि उजेड टिपणाऱ्या उपकरणासाठी पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा केशरी स्फटिक वाढवायची, कागदासारखा पातळ. दर तासाला तापमान लिहिणं माझं काम. एके दुपारी ती बाहेरगावी असताना मी घरी जेवायला गेलो आणि एक वाजताची नोंद हुकली. बाराला ६४ होतं, दोनला ६६, म्हणून मध्ये ६५ लिहून टाकलं. शिपाई हसून म्हणाला, "भाऊसाहेब, जेवान लई लांबलं आज! हितं अर्धा तास लाईट गेल्ती." म्हणजे प्लेट थंडावली होती. पण माझ्या वहीत कधी खाडाखोड नसे, म्हणून आकडा तसाच ठेवला. नेमका त्याच दिवशीचा स्फटिक सगळ्यांत मोठा आणि बिनतड्याचा निघाला. पुढे वहीत बघून तिने अकरा वेळा तसाच लावला आणि अकराही तडकले. "काका, वही तर बरोबर आहे, माझ्याच हाताला गुण नाही," ती म्हणायची, आणि मी काचा पुसत राहायचो. शेवटी तो स्फटिक वगळूनच तिने प्रबंध दिला. त्याची प्रत माझ्या कपाटात आहे. पहिल्याच पानावर अचूक नोंदींसाठी माझे आभार मानलेत. ते पान मी अजून घरात कुणाला दाखवलेलं नाही.