समुद्रावरचे नियम
प्रेस, म्हणजे इथल्या आयरिश बोलीत कपाट, आवरताना स्टेपल मारलेली काही पानं हाती आली आणि दमट कागदाचा वास नाकात गेला. ओंगारच्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण टेबलाभोवती बसून, फासे टाकत एक साहसकथा खेळायचो. खेळाच्या मूळ पुस्तकात फक्त जमिनीवरचे नियम होते. समुद्रावरचे नियम ॲथलोन गावचा एक शिक्षक हौसेनं लिहायचा आणि पुस्तिका करून पाठवायचा. आमची कथा भर समुद्रात पोचली आणि त्याची तिसरी पुस्तिका काही येईना. मंडळी कंटाळून गळायला लागली, तशी मी त्याला मेलवर मेल टाकले आणि शेवटी गाडी काढून त्याच्या दारातच जाऊन उभी राहिले. त्यानं आत बोलावून चहा दिला. “कंपनी पुस्तक विकून मोकळी झाली,” तो म्हणाला, “शंका मात्र सगळे मलाच विचारतात. माझी आई गेली त्या आठवड्यात तुझे चार मेल आले होते.” मला तोंड वर करवेना. कसंबसं सॉरी म्हटलं. “ग्रँड, ग्रँड, चालतंय,” म्हणत त्यानं हीच अर्धवट लिहिलेली पानं माझ्यापुढे सरकवली. “उरलेलं तूच लिही. मी दमलोय.” मला काही ते जमलं नाही, पुढच्या रविवारी तिघंच आले आणि खेळ तिथेच संपला. नंतर मी त्याला एकच मेल लिहिला, फक्त ‘कसा आहेस’ एवढं विचारणारा. उत्तर आलं नाही, म्हणून मीही पुन्हा लिहिलं नाही. त्याला त्रास द्यायचा नव्हता, की मलाच कंटाळा आला होता, हे आजही मला सांगता येत नाही.