तोफज्जलची खाला

ढाक्यात सीएनजी रिक्षा दोन रंगांच्या. हिरवी भाड्याची, रुपेरी घरगुती. तीन चाकं, इंजिन, जाळीची दारं, सगळं सारखं. फरक रंगाचा आणि कागदाचा. रुपेरीत मालकाने स्वतः बसावं, बायकापोरांना बसवावं, आल्यागेल्या पाहुण्याला बसवावं. भाडं घेऊ नये. तोफज्जलची गाडी रुपेरी होती आणि तो दिवसभर भाडं मारायचा.

गाव त्याचं गाइबांध्याकडचं, नदीतल्या चरावरचं, गाळाच्या बेटावरचं. नदीने घर नेलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. आईला, मेहेरजानला, घेऊन तो ढाक्याला आला. बरीच वर्षं पायडलची रिक्षा मारली. मग मोहम्मदपूरच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली इंजिन शिकला आणि दुसऱ्याची हिरवी गाडी चालवू लागला. सकाळी गाडी न्यायची, संध्याकाळी मालकाला जमा, म्हणजे गाडीचा दिवसाचा खंड, द्यायची. जमा किती घ्यावी हे सरकारने ठरवून दिलंय. "मालकांना वाचता येत नाही," उस्ताद म्हणायचा. भाडं मीटरने घ्यावं हेही सरकारनेच ठरवलंय. मालक जादा घेतो म्हणून ड्रायव्हर मीटर बंद ठेवतो. मीटर बंद म्हणून पोलीस धरतो. गिऱ्हाईक शिव्या देतं ते ड्रायव्हरला. मालक तेव्हा घरी जेवत असतो.

स्वतःची हिरवी घ्यावी, तर नव्या हिरव्या गाड्यांना नंबर देणं केव्हाच बंद झालेलं. जुना नंबर विकत घ्यायचा तर तेवढ्यात गावाकडे दोन मजले चढतील. म्हणून रुपेरी. तिच्यासाठी बायकोच्या, जोबेदाच्या, कानातलं गेलं. सासऱ्याची गाय गेली. गाडी दारात आली तेव्हा मेहेरजान अजून होती. तिने हँडलवर फुंकर मारून दुवा म्हटली आणि विचारलं, "ही आता कोणी काढून नाही ना नेणार?"

"कोण नेतंय, आम्मा? नदी आहे का ही?"

गिऱ्हाईक बसलं की तो आधी धडा द्यायचा. सगळेच रुपेरीवाले देतात. पण बाकीचे नुसतं 'नातेवाईक आहे म्हणा' एवढंच शिकवतात. ट्रॅफिकचा सार्जंट पुढचा प्रश्न विचारतो आणि गिऱ्हाईक गडबडतं. तोफज्जलचं काम पक्कं असायचं.

"भाई, वाटेत अडवलं तर काय म्हणाल?"

"मीटरने चाललोय."

"ते हिरव्यात. इथे मी तुमचा दाजी."

"माझी बहीण कुठे दिली तुम्हाला?"

"दिली ना. नाव तोफज्जल, गाव गाइबांधा, पोरगी तिसरीत. म्हणा बघू."

"तोफज्जल, गाइबांधा, तिसरीत. बहिणीने काय पाहिलं हो तुमच्यात?"

"गाडी पाहिली, भाई."

माणूस बघून तो नातं ठरवायचा. टाय लावलेल्याला म्हणायचा, साहेब, गाडी तुमचीच, मी पगारी ड्रायव्हर. कॉलेजच्या पोराचा तो चुलता व्हायचा. म्हाताऱ्या बाईचा भाचा. पाच वर्षांत एकदाही सापडला नाही. गॅरेजात याचं कौतुक व्हायचं. धडा मात्र एकाच बाजूने असायचा. गिऱ्हाइकाचं नाव त्याने कधी विचारलं नाही. गरज नव्हती. सार्जंट प्रश्न विचारतो ते गिऱ्हाइकाला. ड्रायव्हरकडे तो फक्त कागद मागतो.

ती बाई त्याला कल्याणपूरच्या बसथांब्यावर भेटली. थंडीचे दिवस, दुपार. हातात कापडी पिशवी, काखेत खजुराच्या गुळाचा डबा. नौगावहून पहाटेच्या बसने आलेली. बाड्ड्याला मुलीकडे जायचं होतं.

"खाला, थंडीत एवढा घाम?"

"बसमध्ये दोनदा ओकले रे. पित्त असेल. चल तू."

त्याने घाम बघितला होता. हे तो नंतर पुन्हा पुन्हा सांगायचा. बघितला होता, आणि गाडी चालू करून धडा सुरू केला.

"खाला, कोणी विचारलं तर मी तुमचा भाचा. बहिणीचा मुलगा."

"मला बहीणच नाही. पाच भावांत एकटी मी."

"आजपासून आहे. मेहेरजान नाव तिचं."

"बरं. कशी आहे मेहेरजान?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"इन्ना लिल्लाह. बघ, भेट व्हायच्या आधीच गेली." मग ती म्हणाली, "तुझी खरीच आई का रे?"

"हो."

"मग नीट म्हणेन."

आगारगावच्या चौकात सार्जंटने हात केला. तरुण होता. त्याने कागद घेतले, रंग बघितला, आणि मागच्या जाळीशी वाकला.

"चाची, हा कोण तुमचा?"

"माझ्या मेहेरजानचा पोरगा. तोफज्जल. न्हाऊमाखू घातलंय मी याला. तेव्हाही असाच आडदांड. जरा सांगा त्याला साहेब, गाडी नीट चालव म्हणावं. हाडं खिळखिळी केली म्हातारीची."

सार्जंट हसला. कागद परत द्यायला त्याने हात पुढे केला. तोफज्जलने आरशात बघितलं. खाला जाळीला डोकं टेकून बसली होती. मग डोकं जाळीवरून हळूहळू खाली घसरत गेलं. गुळाचा डबा पायाशी पडला.

"अरे, तुझ्या खालाला काय झालं बघ!" सार्जंट ओरडला. ओरडता ओरडताच त्याने मोटरसायकलला किक मारली. "माझ्या मागे ये!"

सगळा रस्ता तुंबलेला होता. सार्जंट पुढे भोंगा वाजवत, बसच्या पत्र्यावर हात आपटत, शिव्या देत वाट काढत होता. तोफज्जल त्याच्या मागोमाग. इतकी मोकळी वाट त्याला ढाक्यात कधी मिळाली नव्हती. मागे वळून तो हाका मारत होता. "खाला! ओ खाला!" दुसरं काय म्हणून हाक मारणार?

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

सार्जंट शेजारीच उभा होता.

"भाचा आहे हा," सार्जंटच कारकुनाला म्हणाला. "सांग ना रे, नाव सांग."

मेहेरजानची बहीण. तोफज्जलच्या तोंडून आलं, "नूरजान."

"गाव?"

"गाइबांधा."

कारकुनाने लिहून घेतलं. बाईला तपासायला डॉक्टर आली तेव्हा तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वाटेतच गेल्या, ती म्हणाली. नूरजान बेगम, गाइबांधा, आणतेवेळी मृत.

सार्जंटने टोपी काढली. तोफज्जलच्या खांद्यावर हात ठेवला. "मला माझ्या खालाने वाढवलं," तो म्हणाला. "रडायचं तर रड." मग तो आत गेला आणि कोणाकोणाशी बोलून आला. माझ्या डोळ्यांदेखत झालंय, त्याने त्यांना सांगितलं होतं. उगाच चिरफाड नको. "सही कर आणि घेऊन जा गावी. मिट्टी वेळेवर झालेली बरी."

कागद पुढे आला. पेनही आला.

तोफज्जलला कळत होतं. सही केली तर एक अनोळखी बाई त्याच्या गाडीत ठेवली जाईल आणि त्याला ती कुठेतरी न्यावी लागेल. बाड्डा म्हणजे एक गल्ली नाही, तालुक्याएवढी वस्ती. मुलीचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. सही केली नाही, खरं सांगितलं, तर गाडी जाईल. घरगुती गाडीने भाडं मारलं की गाडी सरळ जप्तीच्या मैदानात. जोबेदाचं कानातलं, गाय, पाच वर्षं.

"पिशवी राहिली गाडीत," तो म्हणाला. "घेऊन येतो."

सार्जंटही त्याच्यासोबत बाहेर आला. तोफज्जलला एकटं सोडू नये असं त्याला वाटलं असावं. तोफज्जलने जाळीचं दार उघडलं. डबा उघडून गूळ पायदानावर सांडला होता. पिशवीत फोन वाजत होता.

"उचल की," सार्जंट म्हणाला. "घरचे असतील. तुला जमत नसेल तर मी सांगतो."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला.

तोफज्जलने उचलला.

"आम्मा? किती वेळ लावतेस? कुठे आहेस?"

त्याने सार्जंटकडे बघितलं.

"हॅलो? आम्मा?"

"आपा," तो म्हणाला, "मी सीएनजीवाला. तुमच्या आम्माचं नाव काय?"

"हाजेरा. हाजेरा खातून. का? काय झालं?"

सार्जंटचा हात तोफज्जलच्या खांद्यावरच होता. तो हात निघाला.

सार्जंट त्याच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तोफज्जल म्हणायचा. तो फक्त म्हणाला, "मी तुझ्यासाठी रस्ता अडवला सगळ्यांचा." मग त्याने किल्ली मागितली.

ठाण्यात मामला वेगळा झाला. गावाहून एकटी आलेली बाई. खोटं नातं, खोटं नाव, खोटं गाव. प्रवाशांना गुंगीचं देऊन लुटणाऱ्या टोळ्या शहरात आहेतच. फौजदाराच्या जागी कोणीही असता तरी त्याला हेच सुचलं असतं.

"काय पाजलंस तिला?"

"काही नाही, सर."

"मग नाव का खोटं दिलंस?"

"माहीत नव्हतं."

"खाला म्हणतोस आणि नाव माहीत नाही?"

जी चिरफाड टळणार होती ती आता झाली. हाजेरा खातूनची मिट्टी नौगावला दोन दिवस उशिरा झाली. हृदय बंद पडलं, असा अहवाल आला. पण तो येईपर्यंत थंडी संपली होती आणि तोफज्जल आतच होता. सार्जंटने जबानीत जे घडलं ते सांगितलं. बाई शुद्धीत होती, हसत होती, तिने स्वतःच्या तोंडाने याला भाचा म्हटलं. त्या जबानीवर तो सुटला.

गाडी सुटली नाही. जप्तीच्या मैदानात तो आणि जोबेदा तिला शोधायला गेले तेव्हा रुपेरी गाड्यांच्या रांगाच्या रांगा उन्हात उभ्या होत्या. त्याच्या गाडीला बॅटरी नव्हती, मागचं चाक नव्हतं, सीट उंदरांनी फोडलेलं. नंबर रद्द झाल्याचा कागद आधीच निघाला होता. जोबेदाने हँडलवरची धूळ पदराने पुसली.

"चल," तोफज्जल म्हणाला.

"एवढं पुसू दे."

आता तो पुन्हा पायडल मारतो. मोहम्मदपूरच्या गल्ल्यांतूनच, कारण मोठ्या रस्त्यावर पायडलच्या रिक्षांना बंदी आहे. गुडघे पूर्वीचे राहिलेले नाहीत. गॅरेजात त्याच्यावरून एक म्हण पडलीय. कोणी जास्त खरं बोलायला लागला की म्हणतात, "फोन उचलतोस की काय?"

बाड्ड्याचा पत्ता त्याला खटल्याच्या कागदांतून मिळाला. जोबेदा म्हणाली, "नको जाऊस. मारतील."

"मारू देत."

एका शुक्रवारी नमाजानंतर तो गेला. तिसरा मजला. मुलीचं नाव शिरीन. तिने दार उघडलं आणि त्याला ओळखलं; ठाण्यात पाहिलं होतं. तिने ना आत बोलावलं, ना दार लावलं.

"पाणी मागितलं का तिने?" शिरीनने विचारलं.

"नाही, आपा."

"जाताना कलमा म्हटला का?"

हो म्हणता आलं असतं. तिथे विचारायला कोणी सार्जंट नव्हता. शिरीन त्या एका शब्दासाठीच दारात थांबली होती, हे त्याला दिसत होतं.

"वेळ नाही मिळाला," तो म्हणाला.

"मग शेवटचं काय बोलली?"

"मी त्यांच्या बहिणीचा पोरगा आहे, म्हणाल्या. लहानपणी न्हाऊमाखू घातलंय, म्हणाल्या. गाडी नीट चालव, म्हणाल्या."

शिरीनने मान हलवली.

"आम्माला बहीण नव्हती."

"त्यांनी सांगितलं होतं."

"तू शिकवलंस हे तिला म्हणायला."

"हो."

ती आत गेली. दार उघडंच होतं. आतून नळाचा आवाज येऊ लागला, मग भांडी घासल्याचा. तोफज्जल उंबऱ्याबाहेर उभा राहिला. ती परत येणार नाही हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.