पेटीतले व्याही

बसडेपोत तो ब्रेक दुरुस्त करायचा आणि सगळे त्याला एरंडेल म्हणायचे. चेहराच तसा होता, सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी चमचाभर पाजल्यासारखा. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट, दात काढत काम करणाऱ्याच्या हातचे ब्रेक लागत नाहीत, असं तो नव्याने आलेल्यांना ऐकवायचा.

राग धरायला त्याला आयुष्यभर माणसं कमी पडली नाहीत. कधी डेपो मॅनेजर, कधी घरमालक, कधी सख्खा भाऊ. निवृत्त झाल्यावर मात्र एकच उरला, तो म्हणजे व्याही. लेकीचे सासरे विमा विकून म्हातारे झालेले, विधुर, अनोळखी माणसाच्याही खांद्यावर हात टाकून बोलणारे. त्यांना सगळे विमावाले म्हणत.

रागाला कारण होतं. लेक दातांच्या लॅबमध्ये कामाला होती, कवळ्या आणि कॅप बनवायची. तो कोर्स एरंडेलनेच हट्टाने करायला लावला होता, आणि पोरीच्या हातात कला आहे हे डेपोत दिसेल त्याला सांगून झालं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने काम सोडलं. का, म्हणून विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, सासऱ्यांना आवडत नाही. बस्स. तेव्हापासून विमावाल्यांनी पुढे केलेला चहा तो घेत नसे. चार पाहुण्यांदेखत म्हणायचा, "आमच्या पोरीचे हात यांनी बांधून ठेवलेत." विमावाले हसून विषय बदलायचे. ते हसणंच त्याला सगळ्यात जास्त खुपायचं.

अशा माणसांना जावयाने एकत्र समुद्रावर नेलं. एरंडेल नाहीच म्हणत होता, पण बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली आणि सांगितलं, तुम्ही राहा घरी, मी चालले. मग आला. हॉटेलात खोली मिळाली ती व्याह्यांच्या खोलीला लागून. भिंत इतकी पातळ, की पलीकडचं खाकरणंसुद्धा ऐकू यायचं. ते मुद्दाम खाकरतात, असं त्याचं ठाम मत झालं.

हॉटेलच्या काउंटरवर विनोदी जादूच्या खेळाची जाहिरात होती. तिथे उतरलेल्यांना तिकीट अर्ध्या दरात. विमावाल्यांनी कुणाला न विचारता सगळ्यांची तिकिटं काढली. एरंडेल म्हणाला, स्वस्तातली जादू म्हणजे आपल्यालाच उल्लू बनवणं. तरी गेला, कारण खोलीत एकटं बसून करायचं काय.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवरचे खडखडणारे पंखे. जादूगाराच्या चमकत्या कोटाची काखेतली शिवण उसवलेली. त्याने टोपीतून कबूतर काढलं आणि कबुतराने त्याच्या बाहीवर कार्यक्रम उरकला. लोकांना जादूपेक्षा तेच जास्त आवडलं. विमावाले तर डोळे पुसत होते. शेजारी एरंडेल हाताची घडी घालून बसला होता आणि जादूगाराचं लक्ष नेमकं त्या चेहऱ्यावर गेलं.

"हे काका तिकिटाचे पैसे परत मागणार असं दिसतंय," तो म्हणाला आणि दोघांनाही वर बोलावलं. भाऊ-भाऊ का, असं त्याने विचारलं. खालून जावई ओरडला, "व्याही!" सगळा हॉल हसला.

चाकांवरची उभी लाल पेटी पुढे आली. विमावाले हौसेने आत शिरले, जादूगाराने दार लावून कुलूप घातलं. मग एरंडेलकडे वळून म्हणाला, या कुलपाला किल्लीच नाही. ते दोन गोड शब्दांनी उघडतं. तुम्ही एवढंच म्हणायचं, आमचे व्याही चांगले आहेत.

एरंडेलने पुन्हा हाताची घडी घातली.

जादूगाराने पुन्हा सांगितलं. मग कानाला हात लावून ऐकायची नक्कल केली, मग गुडघे टेकले. लोक हसून लोळत होते. एरंडेल हलला नाही. लोकांचं हसू ओसरत ओसरत थांबलं आणि हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू यायला लागले. जादूगार त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "काका, म्हणून टाका ना, खेळ आहे."

एरंडेल माइकजवळ जाऊन म्हणाला, "आधी पेटीतल्यांनी सांगावं, माझ्या लेकीचं काम का सोडायला लावलं."

पुढच्या रांगेत लेक अर्धवट उठली आणि परत बसली. पेटीतून आवाज आला. विमावाल्यांचा, पण नेहमीचा गोडवा त्यात नव्हता. आत गरम होत असावं.

"मी सोडायला लावलं नाही. तिलाच नको होतं. तुम्हाला सांगायची भीती वाटली म्हणून माझं नाव पुढे केलं. आता उघडा हो कुणीतरी."

एरंडेलने लेकीकडे पाहिलं. ती पायाखालच्या फरशीकडे बघत होती. त्याला उत्तर मिळालं. तरीही, ते दोन गोड शब्द तो म्हणाला नाहीच. पायऱ्या उतरला आणि सरळ दाराबाहेर गेला. जादूगाराने मागून पेटीला लाथ मारली, दार उघडलं, घामाने भिजलेले विमावाले बाहेर आले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, सगळं ठरवलेलंच होतं.

सकाळी लेक त्याच्या खोलीत आली. म्हणाली, कवळ्यांच्या त्या पावडरीच्या वासाने रोज डोकं उठायचं. दुसऱ्यांचे दात घासून घासून जीव विटला होता.

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, बाबा?"

"ओरडलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि ते? त्यांनी का ऐकून घेतलं माझं?"

"मीच हात जोडले होते त्यांना."

हे त्याला सर्वांत झोंबलं. ज्या माणसाला इतकी वर्षं तोडून बोललो तो गुपचूप आपल्या पोरीला पाठीशी घालत होता, म्हणजे आता त्याचे उपकारही मानायचे. ते त्याला जमणारं नव्हतं. परतीच्या प्रवासात तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटा बसला.

घरी आल्यावर त्याने लेकीचे फोन घेणं बंद केलं. वाजला की बायकोच्या हातात द्यायचा. पुढे एकदा विमावाल्यांचाच फोन आला आणि बायको नेमकी बाहेर गेलेली.

"व्याही, राग माझ्यावर ठेवा तसाच," ते म्हणाले. "मला सवय आहे. तिला सोसत नाही."

"तुमच्यावरचा कुठे संपलाय?" एरंडेल म्हणाला. "तिच्यावरचा वेगळा आहे." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मात्र तो लेकीकडे गेला. चहा घेतला. आता काय करतेस, असं विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. तो बरं म्हणाला. आतल्या खोलीतून विमावाले बाहेर येताना दिसले, तसा त्याने कप खाली ठेवला, उठला आणि चपला घालायला लागला.