तुमचा सध्याचा टप्पा निवडा

ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं. त्याला पगारच मुळी गप्प बसण्याचा मिळायचा. एखादी वेबसाइट लोकांच्या हाती देण्याआधी ती वापरणाऱ्यांपैकी काही जणांना एकेक करून समोर बसवायचं, कामं सांगायची आणि ते कुठे अडतात ते बघायचं. माणूस घामाघूम झाला तरी बटण दाखवायचं नाही. त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं आणि याने मूग गिळून टिपून घ्यायचं. तो बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, इथे दाबू का?" तर उत्तर एकच: "तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाआम्हाला असं कुणी म्हटलं तर आपण उठून चालते होऊ. हा मात्र वीस वर्षं तेच म्हणत बढत्या घेत आला. आणि वाईट म्हणजे ते वाक्य चपला न काढताच त्याच्या घरात शिरलं. बायकोने विचारलं, माझ्या आईला आपल्याकडे आणू का, तर हा म्हणे, तुला काय वाटतं? मुलीने विचारलं, ही नोकरी सोडू का, तर तेच. हळूहळू दोघींनी विचारणंच सोडलं. बायको मैत्रिणींना सांगे, "आमच्याकडे भांडण म्हणून नाही. भिंतीशी कोण भांडणार?" त्याला ते आपलं कौतुकच वाटे.

त्याला अजून काही विचारणारं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण. ताई फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे आणि धरलेल्या कमरा सोडवण्यात तिचा जन्म गेला होता. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत क्लिनिक, मागच्या खोलीत बिऱ्हाड. लहानपणी शाळेत, शेजाऱ्यांशी, वडिलांशी याच्या वतीने तीच बोलायची, आणि याची पन्नाशी उलटली तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची.

तर फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचं काम त्याच्या कंपनीकडे आलं. संघटनेला नवी वेबसाइट हवी होती, प्रत्येक सभासदाला त्याच्यापुरतं पान दाखवणारी. विद्यार्थ्याला परीक्षा, नवख्याला नोकऱ्या, मुरलेल्याला वरचे अभ्यासक्रम. पेशंटना जवळचा फिजिओ शोधून देणारी संघटनेची जुनी यादीही त्यातच येणार होती, आणि ताईकडे निम्मे पेशंट त्या यादीतूनच येत. चाचणीच्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदाने आयत्या वेळी टांग दिली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "तुमची बहीण आहे ना सभासद? बोलवा की." नात्यातलं माणूस बसवू नये हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण वरच्यांना नाही म्हणणं त्याच्या अंगातच नव्हतं.

ताई ठेवणीतले कपडे घालून आली. "काय रे, परीक्षा घेणार माझी?" त्याने कॅमेरा दाखवला, शेजारच्या खोलीत संघटनेचे कार्यवाह हे सगळं बघताहेत तेही सांगितलं, आणि म्हणाला, "मनात येईल ते बोलत राहा." पडद्यावर पहिलाच प्रश्न आला. तुमचा सध्याचा टप्पा निवडा. विद्यार्थी, नवोदित, अनुभवी, निवृत्त.

"अनुभवी," ताई म्हणाली, पण दाबलं नाही. "बोलत राहायचं ना? मग बोलते. माझे अंगठे गेलेत. सांधे पार झिजलेत. सकाळी दाराची कडी सरकत नाही. पाठीवर दाब द्यायचा तर कोपराने देते, आणि पेशंटला वाटतं ही काहीतरी नवी पद्धत." ती हसली. "कुणाला बोलले नाही आजवर. पण उद्या हात सुटला आणि कुणाला लागलं म्हणजे? आणि थांबले तर दिवसभर करू काय, भिंती बघू? निवृत्त म्हणायला जीभ रेटत नाही आणि अनुभवी म्हणायला लाज वाटते."

मग ती कॅमेरा विसरली. तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "बाळ्या, खरं सांग. थांबू का मी?"

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. तिचे अंगठे मुळाशी सुजलेले होते. इतक्या वेळा तिच्याकडे जेवायला गेला, वाढणारे हात काही दिसले नव्हते. उत्तर अगदी ओठावर आलं होतं, की हो ताई, थांब, आणि आमच्याकडे ये. पण भिंतीपलीकडे कार्यवाह बसले होते, आणि जिभेला वळण एकच होतं.

"तुला काय वाटतं?"

ताईने त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग वळून तिने 'अनुभवी' दाबलं आणि उरलेली कामं मुकाट्याने उरकली. जाताना दाराची मूठ तिने दोन्ही तळव्यांत धरून फिरवली. मेल्याला निदान उठून दार उघडायचं तरी सुचावं. पण त्याला टिपणं पुरी करायची होती.

त्याला काहीच वाटलं नाही असं नव्हे. पण मनाला लागलं की काही माणसं जाऊन भेटतात. याने रिपोर्ट लिहिला. त्यात जीव ओतून लिहिलं की टप्प्याचा प्रश्न सभासदाला विचारूच नये, तो त्याला दुखावतो. वय, सभासदत्वाची वर्षं, अलीकडे केलेले अभ्यासक्रम हे सगळं संघटनेकडे असतंच, तेव्हा टप्पा वेबसाइटनेच ठरवावा. बहिणीसाठी आपण काहीतरी केलं असं त्याला मनापासून वाटत होतं. कार्यवाहांनी पाठ थोपटली आणि सूचना मान्य झाली. ताईला फोन करायचं मात्र राहून गेलं.

वेबसाइट सुरू झाली आणि काही आठवड्यांनी ताईचाच फोन आला.

"पेशंट येईनासे झाले म्हणून आज तुझी ती वेबसाइट उघडली. वर माझं नाव, फुलांचं चित्र, आणि लिहिलंय, 'निवृत्तीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.' यादीतून मला काढून टाकलंय. संघटनेत विचारलं तर म्हणतात, ते आपोआप होतं. आपोआप कसं होईल रे? कुणीतरी ठरवलं असेल ना?"

'विचारून सांगतो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. तेही त्याला चांगलं जमायचं.

"मी," तो म्हणाला. "मीच तसं लिहून दिलं होतं."

ती रागावली असती तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण ती रागावली नाही.

"म्हणजे मी थांबावं असंच वाटत होतं तुला."

"हो."

"मग मी समोर बसून विचारलं तेव्हा तोंडाने सांगायचं होतंस," ताई म्हणाली. "तुझं मी ऐकलं असतं रे."