पाझर तलावावरचं लाल निशाण

ऐकू न येणाऱ्या माणसाला कामावर कसं सामावून घ्यावं, हे सांगायला मला आता लोक बोलावतात. कधी कारखाना, कधी बँक, कधी एखादी शाळा. मी जातो. जिथं घंटा वाजते तिथं दिवाही लावा म्हणतो, फाईलीत तोंड घालून बोलू नका म्हणतो. चहा होतो, नारळ मिळतो. मग कुणीतरी विचारतंच, हे सगळं कुठं शिकलात? मी कानातलं यंत्र दाखवून हसतो आणि उत्तर टाळतो. खरं उत्तर पाथर्डीकडच्या एका पाझर तलावावर आहे, आणि ते मला फारसं शोभा देणारं नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी नगरचा, घरात दोन पिढ्यांची मास्तरकी आणि कारकुनी. पाथर्डीच्या भागात दुष्काळी काम निघालं तेव्हा हजेरी कारकून म्हणून मी चिकटलो. आदल्या वर्षी विषमज्वर झाला होता. त्यात उजवा कान गेला आणि डावा जायच्या वाटेवर होता. जवळ येऊन मोठ्यानं बोललं तर कळायचं. घरच्यांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून ठेवायला दिवसभर राबावं लागतं.

हजेरीला मी टोळ्या ओळीत उभ्या करायचो, रोज त्याच क्रमानं. नाव घेतलं की हात वर करायचा, तोंडानं ओरडायचं नाही, असा माझा नियम. "बाबू लई शिस्तीचा हाय," असं बायका म्हणतात, हे ओव्हरसियर साहेबांनी मला कौतुकानं सांगितलं. कसली डोंबलाची शिस्त! मला 'हजर' ऐकूच येत नव्हतं. दुपारी मुकादम आणि बाकीचे कारकून बाभळीखाली जेवायला बसत आणि खदखदून हसत. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही, नंतर सांगतो" म्हणत. ते नंतर कधी उगवलं नाही. मग मी डबा घेऊन लांबच्या एका दगडावर बसायला लागलो. शिष्ट आहे, म्हणाले असतील. शेकडो माणसं भोवती असताना इतका एकटा मी पुढे कधी पडलो नाही.

तिथं आणखी एक बहिरी होती. जन्मापासूनची, म्हणून बोलतही नव्हती. सगळे तिला मुकीच म्हणत. तिचं नाव मस्टरवर होतं, आणि ते वाचणारा मी एकटा. नवरा ऊसतोडीला गेला तो परत फिरकलाच नव्हता. पदरी दोन पोरं. ओळीत ती जावेच्या मागं उभी राहायची. जावेचा हात खाली आला की हिचा वर जायचा. आमचं दोघांचं दुखणं एकच होतं, तरी दोन महिने मी तिच्यापासून चार हात लांब राहिलो. शेजारी दिसलो तर लोकांच्या ध्यानात येईल, अशी भीती वाटायची.

बांधाच्या पायाच्या चरात काळा दगड लागला तेव्हा सुरुंग सुरू झाले. दुपारी बार उडायच्या आधी बाभळीला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवायचे. मला तो ऐकू यायचा नाही. बायका पाट्या टाकून पळाल्या की मी पळायचो. तीही तेच करायची. एक दिवस ती मातीच्या ढिगामागं पाणी प्यायला गेली, तेवढ्यात रूळ वाजून बायका पळाल्या, आणि ही परत चरात उतरली. जिच्याकडे बघून पळावं, अशी एकही बाई तिथं उरली नव्हती. बार उडाला. डोक्याएवढा दगड तिच्या पायाशी येऊन पडला.

साहेब धावत आले आणि ओरडले, "उद्यापासून ही कामावर नको. मेली तर जबाबदार कोण?"

जाऊ त्यांच्या पाया पडली. "साहेब, तिला काढू नगा. दोन बायांचं काम एकटी करती. पोरं काय खातील तिची?"

साहेब वाईट नव्हते, घाबरले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून मारली.

दुसऱ्या दिवशी ती ओळीत आली. जावेचा हात खाली आला, तिचा वर गेला. मी पुढचं नाव घेतलं. तिला जावेनं खुणेनं सगळं सांगितलं होतं, पण तिला ते मान्य नव्हतं. दिवसभर ती ढिगावर बसून राहिली. पुढचे दोन दिवस तेच. तिसऱ्या दुपारी मी डबा न उघडताच परत नेला.

चौथ्या सकाळी मी साहेबांच्या राहुटीत गेलो. म्हणालो, रूळ वाजवता तेव्हाच उंच बांबूवर लाल निशाण चढवा. आणि चर रिकामा झाला का, ते एका माणसानं फिरून बघावं.

"एका बाईसाठी एवढं?"

"दोघांसाठी."

"दुसरं कोण?"

"मी," म्हणालो. "मला रूळ ऐकू येत नाही, साहेब. बायका पळतात म्हणून मी पळतो."

डाव्या कानानं थोडं येतं, तेही सांगितलं. साहेब माझ्या डाव्या बाजूला येऊन मोठ्यानं म्हणाले, "आधी का नाही बोललास?"

निशाण चढलं. तिचं नाव मी पुन्हा लिहिलं. पलीकडच्या टोकाला माती टाकणाऱ्या बायका हजेरीला जवळ येऊन म्हणाल्या, "बरं झालं बाई. वारं उलटं असलं की आमाला बी कुठं ऐकू येत हुतं!" म्हणजे इतके दिवस निम्मी साइट एकमेकांकडे बघूनच पळत होती.

साहेबांनी माझी गोष्ट कुणाजवळ काढली नाही. पण आठवड्याभरात माझी बदली झाली, तालुक्याच्या कचेरीत, आवक-जावकच्या टेबलाला. "तिथं कुणाशी बोलावं लागत नाही, तुला बरं पडेल," म्हणाले. माझ्या भल्यासाठीच केलं त्यांनी. मला विचारलं मात्र नाही.

निघायच्या दिवशी ट्रक सुटायला थोडा वेळ होता. मी पहिल्यांदाच आपण होऊन तिच्याजवळ गेलो. तू एकटी नाहीस, असं मला तिला सांगायचं होतं. खरं तर मी एकटा नाही, हे मला कुणाकडून तरी हवं होतं. मी माझ्या कानावर बोट ठेवलं, नकाराचा हात हलवला आणि तिच्याकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा उतरला. तिनं पाटी उचलली आणि पाठ फिरवली.

जाऊ पुढं आली. अगदी जवळ उभं राहून बोलली, म्हणून शब्द न् शब्द मला ऐकू आला. "बाबू, गावातली टवाळ पोरं तिला अशीच चिडवत्यात, कानाला बोट लावून. तुमी शिकलेली मानसं. तुमी बी?"

मलाही ऐकू येत नाही, एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. जावेनं ते तिला खुणेनं क्षणात सांगितलं असतं. पण टोळीतल्या दहा-बारा बायका हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर ते म्हणायची मला लाज वाटली.

"गंमत केली," मी म्हणालो, आणि ट्रककडे चालू लागलो.